खराब कागदांचा हिशेब

जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत
घड्याळाला कुणी विचारायचं नाही.
प्रेसचा भोंगा वाजला की कुकर चढायचा.
शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाला काय कमी,
एक बंडल टाकायचं खिशात!
खिसे तर रोज गेटवर उलटे होऊन यायचे,
शर्टाला शाईचा वास, डब्यात उरलेली मेथी.

मला नोटा नको होत्या.
मला हव्या होत्या त्यांच्यावरच्या रेषा.
दहाच्या नोटेवर भिंग धरून बसायचे मी.
एक रेष निघते, वळते, दुसरीच्या खालून जाते,
फिरून फिरून स्वतःपाशी येते
आणि कुठे तुटत नाही.
कुणीतरी काढली असेल ना ही?
माणसाच्या हातानं? सकाळी चहा पिऊन?
"मी ती बाई होणार," जेवताना सांगून टाकलं.
आईनं भाकरी उलटली. "आधी भूमिती सुधार."

बाबांनी भिंतीवरचा सरलेला महिना फाडला.
पाठ कोरी होती.
"पोचायचं कुठं ते आधी लिही.
मग मागं मागं ये, आजच्या मंगळवारपर्यंत."
नोटेवरची रेष.
त्याआधी कोरीवकाम. त्याआधी मुंबईचं आर्ट कॉलेज.
त्याआधी इंटरमिजिएट, त्याआधी एलिमेंटरी,
त्याआधी घोलप सरांचा क्लास, महिना साठ रुपये.
त्याआधी टू-एचची पेन्सिल.
आणि सगळ्याच्या आधी, आज: टोक काढणे.
पहिलं काम त्याच रात्री झालं.

बाकीची झाली म्हणजे, कशी झाली!
इंटरमिजिएटला क श्रेणी.
स्थिरचित्रातल्या घडाची द्राक्षं मोजून काढत बसले,
तांब्या राहूनच गेला.
मुंबईच्या पहिल्या यादीत नाव नव्हतं,
दुसरीतही नव्हतं.
मग अंबडच्या शेडमध्ये पाट्या.
रेष मशीन ओढायचं, मी फक्त बटण.
मग पिंपळगावला बेदाण्याच्या खोक्यांची लेबलं,
हिरवा घड, सोनेरी कड, चार वर्षं तोच घड.
महिन्याचा तो कागद मी कपाटाच्या तळाला अंथरला,
वर स्वेटर.

बाबा निवृत्त झाले त्या आठवड्यात
वालदेवीच्या पुलावर थांबलो होतो, चेन पडली म्हणून.
हात काळे करत म्हणाले,
"छत्तीस वर्षं मी काय केलं माहितेय तुला?
खराब कागद मोजले.
शाई पसरलेला, कडेला सरकलेला, अर्धाच उमटलेला.
टाकून देता येत नाही.
चांगल्याइतकाच नीट मोजायचा, वहीत चढवायचा, सही करायची.
एक कमी भरला तर कुणी घरी जात नाही."
एवढंच. चेन बसली,
पुढं घरापर्यंत कांद्याच्या भावावर बोलले.

स्वेटर काढले.
कागदाला वाळवीनं एका कोपऱ्यात चाखून पाहिलं होतं.
उरलेल्या जागेत लिहिलं:
क श्रेणी, एक. याद्या, दोन.
अंबड, एकोणीस महिने. घड, अगणित.
अगणित खोडलं. बसून मोजले.
खाली सही केली, शलाका, तारखेसकट.

आता रविवारी तांबट लेनमध्ये जाते.
हशमतभाई भांड्यांवर नावं घालतात, अजून छिन्नीनं.
गिऱ्हाईक कमी, म्हणून शिकवायला वेळ आहे.
पहिल्या दिवशी माझं मनगट धरून म्हणाले,
"हात कशाला वळवतेस बेटी?
हात सरळ जाऊ दे. पत्रा फिरव."
माझं वय एकतीस. प्रेसची जागा निघेल न निघेल,
निघाली तर वयाची अट काय असेल, ठाऊक नाही.
कागदावर ते लिहायला जागाही नाही.

काल घरी तांब्याच्या तुकड्यावर एक रेष निघाली,
वळली, स्वतःच्या खालून गेली,
परत यायला अर्धं नख कमी पडली.
तुकडा बाजूच्या डब्यात टाकला. एकशे बारा.
वहीत चढवला.
बाबा टीव्हीसमोर झोपलेले, आवाज चालूच.
मंगळवार होता.
दगड ओला केला
आणि छिन्नीला टोक काढायला बसले.