पन्नास शब्दांत

शिकागोहून पत्र आलंय, मुंबईमार्गे:
कंपनीला शंभर वर्षं झाली, जाडजूड ग्रंथ निघतोय,
जगभरच्या जोडीदारांनी आपापला इतिहास पाठवावा.
इंग्रजीत. पन्नास शब्दांत.
सोबत नमुना, त्यांचा स्वतःचा:
एक तरुण, एक टाईपरायटर, भाड्याची खोली,
खिशात अकरा डॉलर
आणि डोक्यात एक कल्पना.

आमच्याकडं कल्पना नव्हती.
लक्ष्मीपुरीत धान्यपेठेमागं एक लाकडी जिना होता,
जिन्याखाली 'श्रीकमल पब्लिसिटी'.
टेबल एक, खुर्च्या दोन,
तिसरं माणूस आलं की मी पोत्यावर.
हिशेब लिहायची मी. पुढं पुढं मजकूरही.

निगवेकर मालक आधी थेटरात स्लाइड दाखवायचे.
काचेवर काजळी धरायची, सुईनं अक्षर कोरायचं,
मध्यंतरात एखादं कापडदुकान झळकायचं
आणि त्याच्या शेजारी, हत्तीएवढा,
मालकांच्या अंगठ्याचा ठसा.
गिऱ्हाईक भांडायला आलं तर म्हणायचे,
"अंगठ्याचे पैसे लावले नाहीत."

दस्तगीर मुल्लाणी भिंती रंगवायचा.
सायकलीला शिडी, हँडलला डबे,
इकडं गारगोटी, तिकडं राधानगरी.
निळीत भिजवलेली दोरी ताणून टिचकी मारली
की भिंतीवर रेघ उमटायची, पाखरू उडाल्यासारखा आवाज करून.
'ळ' काढताना श्वास धरायचा.
'ळ' चुकला तर गूळ कडू लागतोय, म्हणायचा.

मग शिकागोनं मुंबईची कंपनी घेतली,
आणि मुंबईनं आमच्या भिंती.
रंगांचं कार्ड आलं. लालला नंबर होता.
दस्तगीरनं ते उन्हात धरलं, उलटं केलं, परत दिलं:
"ह्यो लाल सावलीतला हाय."

ओळ इंग्रजीत आली, मी मराठीत केली:
'सकाळ चाखा.'
ब्रश धुता धुता तो म्हणाला,
"सकाळ काय चाखत्यात व्हय, बाई?
सकाळी धारा काढत्यात."
मी मुंबईला फोन केला. मुंबईनं शिकागोला.
तीन आठवड्यांनी उत्तर: बदल नामंजूर.
एकशे बारा भिंतींवर आम्ही सकाळ चाखली.

तपासायला साहेब आला, गळ्यात कॅमेरा.
भिंत क्रमांक चौसष्ट, निढोरीच्या अलीकडं,
आक्काताई डोणेंचा गोठा.
कपावर, वाफेवर, अख्ख्या सकाळीवर
शेणी थापलेल्या,
एकेका शेणीवर पाच बोटं.
हे कुणी केलं, साहेबानं विचारलं. मी मराठीत केलं.
आक्काताई पदराला हात पुसत म्हणाल्या,
"भित माझी. वरचं लिवल्यालं तुमचं.
ऊन कुणाचं त्येवढं इचारा त्यास्नी."
हे मात्र मला इंग्रजीत करता आलं नाही.
साहेबानं फोटो काढला.
आक्काताईंनी त्याला चहा दिला.
जाहिरात कॉफीची होती.
बिलातून एक भिंत वजा: रुपये तीनशे दहा फक्त.

रात्रभर बसून लिहिलं.
जिना आला, अंगठा आला, शेणी आल्या,
शेणींना इंग्रजी शब्द शोधण्यात बारा वाजले.
मोजले तर एकावन्न.
दस्तगीर काढावं की मुल्लाणी,
विचारायला सकाळी मंगळवार पेठेत गेले.
पोराच्या फ्लेक्सच्या दुकानाबाहेर तो स्टुलावर बसलेला,
डोळ्यांत मोतीबिंदू, आत यंत्र घरघरतंय,
कुणा भावी नगरसेवकाचा गॉगल
हळूहळू छापून बाहेर येतोय.

सगळं ऐकून घेतलं त्यानं.
मग विचारलं, "त्यात 'ळ' कुठं आलाय का?"

नाही आला. इंग्रजीत आहे.

"मग कुठलंबी काढा."