अकराव्या फेरीतला पदेर

नरकासूर जळून गेल्यावरचा रविवार.
शिरोड्यात, कायतानच्या तवेर्नीत, मागच्या टेबलावर
तालुका लीगमधली पंचावन्न जिवंत पोरं
आम्ही पाच जणांनी वाटून घेतली.
कागदावरच. फुटबॉल त्यांनी खेळायचा,
गुण आम्ही खायचे.

चिठ्ठ्या इमेल्दाच्या पर्समधून निघाल्या.
ती सोसायटीत कॅशियर, तिच्यावर कुणी संशय घेत नाही.
मला पाचवी.
कायतानला पहिली, आणि त्यानं लगेच उचलला
बोरीचा तो स्ट्रायकर, ज्याच्याबद्दल मी
तीन महिने चकार शब्द काढला नव्हता.
‘तुझ्या तोंडावर लिहिलं होतं रे,’ म्हणाला,
आणि माझ्याच बशीतला चोरीसचा तुकडा उचलला.

सुभान गवंडी. त्यानं बॅकवर बॅक घेतले,
भिंत उभी राहिल्याशिवाय त्याला झोप नाही.
इमेल्दाच्या वहीत होतं
कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा,
कोण दुबईच्या व्हिसाची वाट बघतोय.
मी घेत गेलो ओळखीवर:
ज्याच्या बापाचा पंप मी दोनदा बांधला तो,
भेटला की हात वर करतो तो.
आणि अकराव्या फेरीत सगळ्यांचं वेचून झाल्यावर
एकच नाव उरलं, ते मला आलं.
बोस्को, आमचा पदेर. गोलकीपर.
मागल्या मोसमात एकवीस गोल खाल्लेला.

मग गावस मास्तरांनी लाल पेन काढलं.
चौतीस वर्षं गणित शिकवलं,
अर्धा गुण कुणाला उसना दिला नाही.

सुभान: ब. गोल करायचा विचार परगावी गेलेला दिसतो.
इमेल्दा: अ वजा. अभ्यास उत्तम, धाडस बेताचं.
कायतान: ब अधिक. नशिबाला गुण नाहीत.
स्वतः मास्तर: अ. शेरा नाही.
मी: ड. निवड भावनिक. पालकांना भेटण्यास सांगावे.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली,
तरी क्षणभर पोटात गोळा आला.

पाचव्या आठवड्यापर्यंत कायतान एकोणीस गुणांनी पुढे.
रोज रात्री फोन करून आकडा सांगायचा,
फक्त आकडा, आणि ठेवायचा.

सोमवारी पहाटे भोंगा वाजला, पों पों.
तीन पोई, दोन उंडे.
आदल्या दिवशी चार गोल खाल्ले होते त्यानं,
करंगळीला पांढरी पट्टी.
‘दादा, मी तुमच्या टीमात आहे म्हणे.’
‘आहेस ना.’
टोपलीवरचं निळं प्लास्टिक सारखं करत,
माझ्याकडे न बघता:
‘कितव्या फेरीत घेतलात?’

‘तिसऱ्या,’ मी म्हणालो.

त्यानं एक उंडा जास्त टाकला. पैसे घेतले नाहीत.

पुढचं घर कायतानचं.
आणि कागद तिथंच, फ्रिजच्या दारावर चिकटवलेला.
मी फोन लावला. कायताननं आधी झोपेत शिवी दिली,
मग सगळं ऐकून दुसरी, जागेपणी.
रोज पाव दारात ठेवून जाणारा बोस्को
आज आत आला.
कायतान फ्रिजला पाठ लावून उभा, बनियनवर,
फोन अजून हातात, म्हणून मलाही ऐकू आलं:
‘दुसऱ्यातच तुला घेणार होतो मी!
जरा जीभ अडखळली,
तेवढ्यात त्या पंपवाल्यानं पळवला. चोर साला.’

संध्याकाळी मास्तरांपुढे कागद ठेवला.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
चष्मा पुसला. अकरावर एक सरळ रेघ मारली,
वर तीन लिहिलं,
आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली, तारखेसह.
‘मग अकराव्यात कोण?’ इमेल्दा.
तिसऱ्या फेरीतला निरंकालचा पोरगा खाली गेला.
तो आपल्याकडे पाव टाकत नाही.

‘मास्तर, आता तिसऱ्या फेरीत गोलकीपर म्हणजे
माझी श्रेणी...?’

‘आणखी खाली जाते,’ मास्तर म्हणाले,
‘पण ड च्या खाली मी आजवर कुणाला दिलेलं नाही.’