सत्तेचाळीस किलोमीटर

कॅलेंडर औषधांच्या होलसेलवाल्यानं दिलेलं.
मे महिन्यावर लाल कौलांचं एक गाव,
पाणी प्यायला समुद्रात मान घातलेल्या जनावरासारखं.
खाली बारीक अक्षरांत: पिरान, स्लोव्हेनिया.
जून आला, जुलै आला,
प्रमिलानं पान उलटलं नाही.
सिलिंडर कधी लावला, दुधाचे खाडे किती,
सगळं मेमध्येच लिहीत राहिली.

मग एका रात्री भांडी पुसता पुसता म्हणाली,
केवढ्याला पडेल?

बोहरी आळीत माझं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान.
बत्तीस वर्षं लोकांची पारडी समपातळीत आणतोय.
दुकानाचीच वही उलटी केली,
पुढून उधारी, मागून युरोप.

विमान: दोघांचं, मुंबईहून, मध्ये एकदा बदलून.
आकडा लिहिला आणि पंखा एकने वाढवला.
व्हिसा: नाकारला तरी फी परत नाही.
प्रमिला म्हणाली, कांदेपोह्यांसारखंच की.
शिवाय खात्यात पैसे दिसायला हवेत,
खर्चायला नव्हे, नुसते दिसायला.
धाकट्या मेव्हण्यानं दिले, तीन महिन्यांच्या बोलीवर.
रोज झोपताना मोबाइलवर मी ते बघतो,
शेजारच्या झाडाचे आंबे बघावेत तसे.

युरोला शंभर धरायचे.
गुणाकार सोपा, आणि छातीत धस्स.
कॉफी दोन युरो. म्हणजे दोनशे.
प्रमिला तेवढ्यात मनानं तुळशीबागेत जाऊन
दोनशेत काय काय येतं ते घेऊन आली.
मग ठरलं: रोज सकाळी एक, दोघांत.
तिकडे वन बाय टू मिळतं का
हे कुणाला विचारायचं?

त्या देशाला समुद्र सत्तेचाळीस किलोमीटर. बस्स.
स्वारगेटहून निघालात
तर शिरवळच्या अलीकडे संपला.
एवढ्याशासाठी?
आपल्या हर्णैला, मी म्हणालो, मासे स्वस्त आणि
तिनं माझ्याकडे पाहिलं.
वाक्य मी आकड्यासारखं खोडलं.
एवढाच असेल, ती म्हणाली,
तर किती जपून बघत असतील ते त्याच्याकडे.

हातातली बॅग आठ किलो.
दुकानातला काटा घरी आणला, सरकारी शिक्क्याचा.
मेतकूट, गुळपापडी, तिच्या बीपीच्या गोळ्या,
माझं स्वेटर, छोटा कुकर.
नऊ किलो चारशे.
कुकर काढला. स्वेटर अंगावर घालायचं ठरलं.
आठ दिवसांचे सहा केले, सहाचे पाच,
हॉटेलची खोली समुद्रापासून मागे मागे नेत
पार बसस्टँडपाशी आणली.
तरी बेरीज एक लाख अकरा हजारांनी
आमच्या डोक्यावरून जात होती.

मेव्हण्याचा फोन. तीन महिने होत आले, दाजी.

वही मिटणार, तेवढ्यात कॅलेंडरकडे तोंड करूनच तिनं विचारलं,
आणि एकटीला?

पहिल्यांदा वाटलं मी चुकीचं ऐकलं.
मग सवयीनं पेन्सिल घेतली.
विमान निम्मं. व्हिसा निम्मा.
खोलीचं भाडं मात्र तेवढंच राहतं,
एक झोपा की दोन.
गुळपापडी परत बॅगेत गेली. कुकरही.
दिवस पाचाचे सात झाले.
खोली हळूहळू पुढे सरकत
मिठागरांच्या बाजूला आली.
तिथं अजून हातानं मीठ काढतात म्हणे.
कॉफी: रोज एक. अख्खी.

जमतंय, मी म्हणालो.
आवाज काट्यावर ठेवला असता
तर वीस-तीस ग्रॅम इकडे-तिकडे निघाला असता.
तिनं वही ओढून घेतली,
दोनदा तपासली, सात हातचे आलेले
एका ठिकाणी मी विसरलो होतो, ते मिळवले.

सकाळी दुकान उघडलं.
मंडईतला एक गिऱ्हाईक आला,
काटा रिकामा असताना पण काहीतरी दाखवतो म्हणाला.
ठेवून जा, म्हटलं. बघतो.
संध्याकाळी वहीत शेवटच्या ओळीला
तिच्या अक्षरात एक भर:
मीठ, पाव किलो, ह्यांच्यासाठी.
रक्कम लिहायची राहिलीय.