इतर

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
नव्या पाळकांनी फॉर्म वाटले.
वर छापलेलं : तुमचं कृपादान कोणतं?
खाली चौकोन. शिकवण. उपदेश. निरोग करणं.
अन्य भाषा. व्यवस्था.
सगळ्यात शेवटी, इतर.

मंडळीची सेक्रेटरी मी. गठ्ठा घरी नेला.
कूलरचे शिंतोडे उडून
अर्ध्याअधिकांची शाई फुटलेली.
सुवार्ता रणभिसेनं गायनापुढे खूण केली, खोडली,
पुन्हा केली, पेन कागदाच्या आरपार.
नहेम्या घाट्यांनी सगळेच चौकोन भरले
(हिशेबाच्या मीटिंगला तेवढे ते नसतात).
एस्तेरबाईंनी पाठीमागे विचारलं होतं :
भांडण मिटवणं कुठं लिहू? आणि लावणं?

आणि शांतवनमामांचा, पेन्सिलीनं :
माझ्यापाशी काही नाही. चावी आहे.

मी हसले. खरं सांगते, हसले,
आणि तो 'इतर'च्या पाकिटात टाकला.

पुढच्या रविवारी साडेआठलाच
गेटच्या सळईला हात लागत नव्हता.
कामठी रोडच्या त्या आतल्या गल्लीत
अख्खी मंडळी बाहेर.
प्रवचन बाहेर, पाळकांच्या बगलेत घामेजलेलं.
गायनवृंद बाहेर, डोक्यावर दुपट्टे.
प्रभुभोजनाची भाकर डब्यात.
अन्य भाषांत बोलणारे साध्या मराठीत विचारत होते,
पाणी आहे का कोणाकडे?
कुणीतरी प्रार्थनाही केली कुलपापुढे.
कुलूप नागपुरीच. ढिम्म.

मामा रात्रीपासून मेडिकलमध्ये. ऊन लागलं होतं.
मी स्कूटी काढली.

चावी उशीखाली, बुटाच्या नाडीत ओवलेली.
"आधी डावीकडं दाबजो, मंग फिरवजो.
दुसऱ्या कूलरले हात नको लावू, करंट मारते.
हन्नाबाईची खुर्ची पंख्याखाली सरकवजो,
ते सोताहून सांगत नाही.
अन् मांगच्या बाकावर एक पोरगा येते, उशिरा.
त्याले नाव इचारू नको.
बारा हप्ते झाले. एक फळी उघडीच ठेवतो मी."

एवढं बोलून दमले.
सलाईनच्या हाताची मूठ उघडायला
त्यांना वेळ लागला, की द्यायला,
मला कळलं नाही.

परत आले तेव्हा दहा वाजून गेलेले.
चावी आधी उजवीकडेच फिरवली मी.
मग आठवलं.

आत वाळ्याचा, कोंडलेल्या लाकडाचा,
गीतपुस्तकांच्या जुन्या डिंकाचा वास.
पहिलं गीत कुणी उचललं ते आठवत नाही,
मी खुर्ची ओढत होते.
"अगं राहू दे," म्हणाल्या हन्नाबाई, आणि बसल्या.
घाट्यांनी दुसऱ्या कूलरला हात लावलाच.
त्यांची ती अन्य भाषा
अर्थ सांगणाऱ्याशिवाय सगळ्यांना कळली.

दुसऱ्या गीताच्या मध्यावर कधीतरी
मागच्या फळीतून आलेली उन्हाची पट्टी
फरशीवर जराशी रुंदावली,
पुन्हा पहिल्याएवढी झाली.
बाक करकरला.

मी वळून पाहिलं नाही.
तळहाताला अजून लोखंडाचा वास येत होता.