शंभराची गड्डी

नोट प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी नोटा तपासल्या.
अंगठ्याची सवय गेलेली नाही,
पोळी उलटतानाही तो कड चाचपतो.

वरच्या खोलीत गुलेद राहतो,
बैदोआचा, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला.
जेल रोडवर त्याला कुणी नायजेरियन म्हणतं, कुणी हबशी.
आधी दुरुस्त करायचा, आता करत नाही.

एकदा भाड्याच्या पैशांत चुकून
त्याच्या देशाची हजाराची नोट आली:
दोन बायका बसून टोपल्या विणताहेत.
मी उजेडाला धरली.
तार नाही. जलचिन्ह नाही. कागद वहीचा.
"खोटी आहे रे."
"आमच्याकडे सगळ्यांनाच माहितीये, मावशी."
"मग चालते कशी?"
"आई हिच्यावर चहापत्ती घेते,
चहावाला हिच्यावर उंटिणीचं दूध.
बँक गेली, छापखाना गेला,
समोरचा घेईल, एवढंच उरलं."

झडती देऊन आत, झडती देऊन बाहेर,
तीन कुलपांमागे बसून
मी जे राखत होते,
ते ही माणसं नुसत्या मानेनं राखतात?

माझा चेहरा बघून तोच म्हणाला,
फार गोड करू नका.
बंदूकवाल्यांनीही ह्याच छापून आणल्या,
पोतीच्या पोती.

मग काकाचं निघालं.
विहिरीवर, पाण्याच्या पाळीवरून.
बाभळीखाली म्हातारे अकरा दिवस बसले.
ठरलं: माणसाचे शंभर उंट.
"म्हणजे पूर्ण गड्डी," माझ्या तोंडून गेलं
आणि जीभ चावली.
तो म्हणाला, "बासष्ट आले. मग दुष्काळ पडला."

आता ती बाभूळ फोनमध्ये आहे.
एक म्हातारा नैरोबीत, एक कुठे बर्फात,
ज्यांनी मारलं त्यांचा भाचा दुबईत टॅक्सी चालवतो.
रात्री अडीचला वर खाट करकरते,
गुलेदचा आवाज चढतो, उतरतो.
मी अंथरुणात पडून
उंट मोजते, जे मी कधी पाहिले नाहीत.

त्यांच्यात फोन उचलला की आधी विचारतात, "नबद?"
शांतता आहे ना?
मला पहिल्यांदा नाबाद ऐकू आलं.
खाली कॉलनीतली पोरं तेव्हा
विटेला चेंडू लागला की नाही यावर भांडत होती.
अर्थ सांगितला तर तो पोटभर हसला,
म्हणाला, "तेच तर विचारतो आम्ही."

आज सकाळी जिन्यात:
"मावशी, चार आले. एक लंगडा."
"मग उरले किती? चौतीस की पस्तीस?"
"त्यावरच बैठक अडलीये.
तुमच्याकडे गड्डीत खराब नोट निघाली तर?"
"काढायची. तिच्या जागी चांदणीची घालायची,
नंबराआधी चांदणी असते. नंबर तुटतो,
पण गड्डी शंभरचीच भरते."

तो तीन पायऱ्या खाली आला.
फोन माझ्या तोंडाजवळ धरला.
"पुन्हा सांगा. हळू.
मी त्यांना समजावतो."