जागरूक

स्वारगेटला, फलाटांच्या समोर माझी रसवंती.
भोंगा दर दहा मिनिटांनी सांगायचा,
बेवारस वस्तूला हात लावू नका,
संशयास्पद काही आढळल्यास...
पुढचं सगळं चरकाच्या घुंगरात बुडायचं.
अठरा वर्षं कानावर पडलं,
एकदाही ऐकलं नाही.

त्या आठवड्यात मात्र सप्ताह होता.
पोलिसांनी पथनाट्य केलं, टोप्या वाटल्या,
माझ्या उसाच्या मोळीला एक फलक टेकवून गेले:
'तुमचा एक फोन'
खालची ओळ मोळीमागे गेली.

गुरुवारी, भर दुपारी, बाकाखाली करडी सॅक.
पाच ग्लास भरले, तरी तिथंच.
सातवा अर्धा ठेवून
मी तो एक फोन लावला.

चरक बंद करायला लावला. घुंगरू गप्प.
लोक दोरीमागे, मोबाइल वर.
कुत्री आली, काळी, शहाणी,
सॅकला नाक लावून
बसली नाही, शेपूट हलवली नुसती.
मग निघालं एकेक:
भाकरी, चटणी,
पुठ्ठा सुटलेलं राज्यघटनेचं पुस्तक,
पेपरात गुंडाळलेला इस्त्रीचा शर्ट.

पोरगं धावत आलं, हातात भरलेली बाटली.
"नाव?"
"तहसीलदार."
"चेष्टा करतो?"
"नाही साहेब. वडलांनी ठेवलंय.
धाकटा आहे तो फौजदार."
कुणीतरी हसलं. बहुतेक मीच.
त्यानं हॉल तिकीट काढलं:
काळे तहसीलदार बबऱ्या.
"गाव?"
"करमाळ्याकडं."
"गावात, का वस्तीवर?"
"...वस्तीवर."
"हं," हवालदार म्हणाले
आणि कुत्रीनं सोडलेली सॅक
पुन्हा पहिल्यापासून उघडली.
शर्टाची घडीसुद्धा.

शनिवारी मला श्रीफळ, शाल, प्रशस्तिपत्र.
'सणस'चं 'सनस' केलंय, पण फ्रेम चांगली आहे.
चरकाच्या वरच लावलंय. काचेवर रस उडतो,
बायको रोज पुसते, माश्या रोज येतात.
गिऱ्हाईक विचारतं, काय सापडलं होतं हो?
मी आलं-लिंबू जास्त घालतो.

त्या दिवशी, सगळं पांगल्यावर,
मी एक ग्लास पुढं केला होता. बर्फाचा. फुकट.
"नको काका," तो म्हणाला, "पाणी भरलंय."
मग गाडी निघून गेलेल्या फलाटावर
उभाच राहिला बराच वेळ.
बाक रिकामा होता.
सॅक पाठीला नव्हती लावली,
पुढं, पोटाशी धरली होती,
दोन्ही हातांनी,
सगळ्यांना दिसेल अशी.