ताणलेल्या हाताचं माप

डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली चार बोटं,
आधी लाल, मग जांभळा,
मग हळदीच्या डागासारखा पिवळा:
सुटताना दोरी चाटून जाते तिथे.
शेजारच्या काउंटरवरच्या सुलभा पेंडसे
पासबुक छापता छापता आवाज उतरवून म्हणाल्या,
"घरी सगळं ठीक आहे ना गं?"
मी म्हटलं, धनुष्य.
त्यांनी मान हलवली,
जिन्यावरून पडले म्हटल्यावर हलवतात तशी.

पाषाणच्या मैदानावर बाकीच्यांचे पट्टे प्लास्टिकचे,
काळे, वेल्क्रोवाले, कुठून कुठून मागवलेले.
माझं धनुष्य बांबूचं. त्याला ते शोभेना म्हणून नको म्हटलं,
आणि घामोळं यायचं, हे खरं कारण.

दुसऱ्या शनिवारी नाना पेठेत गेले.
स्कूटर लावायला जागा मिळेपर्यंत तीन चकरा.
दुकान म्हणजे अर्धं वर केलेलं शटर,
आत ढोलपथकांचे कमरपट्टे लटकलेले,
गणपती कधीच गेले, पट्टे न्यायला कुणी आलं नाही.
त्यांच्याखाली विश्वंभर आगवणे,
चष्म्याची एक काडी सुतळीची.
"काय पाहिजे?"
हातपट्टा म्हटलं. ते म्हणाले, घड्याळाचा?
शब्दकोशात गोधा दिलंय:
अर्थ एक, घोरपड;
अर्थ दोन, धनुर्धराच्या हातावरचं चामडं.
दुकानाच्या पायरीवर उभं राहून
एक गोधा द्या, असं कसं म्हणणार.
बाही वर केली.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी डाग पाहिला.
"दोरी लागलीय," म्हणाले. एवढंच.
आणि स्वतःच्या करंगळीच्या कडेचा वण पुढे केला,
मेणाच्या दोऱ्याने कातलेला,
साठेक वर्षं टाके ओढून.

मनगटाला दोरा गुंडाळला, गाठ.
कोपराखाली गुंडाळला, गाठ.
मग थांबले.
"ओढताना हात असाच असतो का?"
असा म्हणजे?
"ओढून दाखवा. रस्त्याकडे तोंड नको,
गिऱ्हाईक पळेल."

भिंतीवर दुसऱ्याच कुठल्या बँकेचं कॅलेंडर होतं.
त्यातल्या सतरा तारखेवर नेम धरला.
डावा हात लांब, उजवा हनुवटीखाली, मधे काही नाही.
कोपर बाहेर वळलं,
मनगटामागचं मांस वर आलं.
"आता हलू नका."
चहाचा पोरगा ग्लास घेऊन पायरीवरच खिळला.
दोरा पुन्हा फिरला हाताभोवती.
हात कापायला लागला, धनुष्य खोटं असून.
सोडू?
"मी सांगतो तेव्हा."

तिसरी गाठ दुसरीच्या बोटभर पुढे पडली.
"बघा. निवांत हाताचं माप घेतलं असतं
तर ओढताना आवळलं असतं, शिवण उसवली असती,
आणि नाव आमचं गेलं असतं.
वडील टांग्याच्या घोड्याचं माप
घोडा चढाला लागला की घ्यायचे.
मागे पळत पळत."
दोरा खिळ्याला अडकवला, इतर दोऱ्यांत.

सातशे, ते म्हणाले.
सहाशे, मी म्हटलं, पुण्याची आहे.
सातशे, ते म्हणाले,
तेही पुण्याचेच.

गुरुवारी मिळालं.
म्हशीचं, विटकरी, कडा घासून मेण भरलेल्या,
आतून बकरीचं मऊ अस्तर, मी न सांगितलेलं.
बकलं पथकांच्या पट्ट्यांचीच काढलेली,
एकावर कुणाच्या तरी नावातला द शिल्लक.
"तिळाचं तेल लावा. बोटाने, चिंधीने नाही.
महिनाभर चावेल. मग ओळखेल."

चावलं. पहिल्या रविवारी बाण सगळे डावीकडे गेले,
कारण माझं लक्ष आवाजाकडे:
कातडीवरचा चट्ट गेला,
आता नुसता टप्,
कुणीतरी दूर लाकडी दार लोटल्यासारखा.

पंधरा दिवसांत डाग मावळला.
सुलभाताईंनी माझा हात उलटा करून पाहिला,
ट्यूबलाइटखाली, नोटा तपासतात तसा.
"सुटलीस बाई," म्हणाल्या,
आणि त्यांच्या डब्यातली अर्धी गुळपोळी
मला दिली.
मी खाल्ली.